कोलोन, ड्युसेलडॉर्फ, बर्लिन, व्हेरोना: प्रदर्शनाला जाणाऱ्या खान्देशी व्यापाऱ्यासाठी पंचतारांकित हॉटेलांची पारख

खान्देशातून धंद्यासाठी युरोपला जाणाऱ्यांची गावं जवळजवळ ठरलेली आहेत. डाळ-मसाल्यावाला विषम वर्षांच्या ऑक्टोबरात कोलोनला अनुगा या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला जातो. पाइप, ठिबक आणि प्लॅस्टिकच्या चटईवाला तीन वर्षांतून एकदा ड्युसेलडॉर्फच्या 'के' प्रदर्शनाला जातो. मागचं २०२५ ला झालं, पुढचं २०२८ ला. रावेर-यावलचा केळी निर्यातदार दर फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका या फळ-भाज्यांच्या प्रदर्शनाला, आणि जळगावच्या सराफ बाजारातला माणूस जानेवारी किंवा सप्टेंबरात इटलीतल्या व्हिचेन्झाला दागिन्यांच्या प्रदर्शनाला. खर्च करायची तयारी असते. तरी हॉटेल निवडताना गाडी उलटी चालते: आधी तारे, मग फोटो, मग भाडं, आणि प्रदर्शनाचं दार किती लांब हे सगळ्यात शेवटी.

आमचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी दार, मग तुम्ही तिथे किती वाजता पोचणार ती वेळ, मग नाश्ता, मग न्हाणीघर. तारे सगळ्यात शेवटी.

ताऱ्यांना शेवटी का ढकलायचं, तर युरोपभर एकच मोजपट्टी नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स वगैरे देशांनी २००९ मध्ये हॉटेलस्टार्स युनियन काढून निकष एक केले. पण ते निकष सोयी मोजतात: चोवीस तास रिसेप्शन आहे का, खोलीत तिजोरी आहे का, रूम सर्व्हिस किती वेळ चालते. खोलीतून काय दिसतं, मेट्रो किती पावलांवर आहे, रात्री ट्रामचा खडखडाट येतो का, हे त्यात नाही. शिवाय जर्मनीत हे तारे ऐच्छिक आहेत. उत्तम हॉटेल असूनही तारे न लावणारी मंडळी आहेत. फ्रान्सनं पाचवा तारा २००९ मध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या वर 'पॅलेस' असा वेगळा मान ठेवला. इटलीत तारे प्रांत देतात. त्यामुळे व्हेरोनाचे पाच आणि कोलोनचे पाच एका तागडीत घालू नयेत.

कोलोनपासून सुरुवात करू, कारण तिथे निवड सगळ्यात सोपी आहे. एक्सेलसियर हॉटेल एर्न्स्ट हे तिथलं जुनं घराणं. १८६३ ला सुरू झालं, तेव्हा समोरच्या कॅथेड्रलचे मनोरे पुरे व्हायचे होते. ते १८८० ला झाले. मुख्य रेल्वे स्टेशन इतकं जवळ, की चाकाची बॅग ओढत दोन-चार मिनिटांत दारात. प्रदर्शन ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, डॉइट्झ भागात. एस-बान लोकलनं मधे एकच पूल, पुढचंच स्टेशन 'कोलोन मेसे/डॉइट्झ' (मेसे म्हणजे प्रदर्शनाची जागा), दोन-तीन मिनिटांचा प्रवास. लोकल चुकली तर होहेनझोलर्न पुलावरून पायी वीसेक मिनिटं. पुलाच्या जाळीला प्रेमी जोडप्यांनी लावलेली कुलपं एवढी आहेत, की सकाळच्या घाईतही नजर तिकडे जातेच.

या हॉटेलबद्दल एकच गोष्ट आधी ठरवावी लागते: खोली कुठल्या बाजूची. कॅथेड्रलचं दर्शन हवं असेल तर घंटाही ऐकाव्या लागतात. २४ टनांची पीटर घंटा मोठ्या सणांनाच वाजते, पण बाकीच्या घंटा रोजच्या आहेत. लांबचा प्रवास करून दुपारी डोळा लागणाऱ्यानं आतल्या बाजूची खोली मागावी. इमारत जुनी, त्यामुळे एकाच दर्जाच्या दोन खोल्यांचा आकार वेगळा असू शकतो. बुकिंग करताना 'सुपिरिअर', 'डिलक्स' ही नावं वाचू नका, चौरस मीटर वाचा. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवायच्या असतील तर त्याच्या खाली जाऊ नका.

दुसरा पर्याय नदीच्या पलीकडचं हयात रिजन्सी. इमारत नव्या काळातली, पुलाच्या डॉइट्झकडच्या टोकाला लागून. प्रदर्शनाचं दार इथून पायी दहा मिनिटांच्या आत-बाहेर. ऱ्हाइनकडची खोली घेतली तर नदी, पूल आणि कॅथेड्रल एका चौकटीत दिसतात. ज्याचा स्वतःचा स्टॉल आहे त्यानं हयात घ्यावं. सकाळी लवकर जाऊन नमुने मांडायचे असतात, दुपारी एखादी बॅग विसरल्याचं लक्षात येतं, संध्याकाळी पाय दुखतात. त्या वेळी लोकलचा एक थांबासुद्धा जास्त वाटतो. फक्त माल बघायला, लोकांना भेटायला आणि संध्याकाळी गाव फिरायला गेलेल्यानं एर्न्स्ट. गावाची मजा अलीकडच्या काठावर आहे.

फ्रँकफर्ट विमानतळावरून कोलोनला आयसीई ही जलद गाडी साधारण तासाभरात पोचते. पण काही आयसीई मुख्य स्टेशनला न जाता थेट मेसे/डॉइट्झलाच थांबतात. हयातवाल्याला हे वरदान, एर्न्स्टवाल्याला गाडी बदलावी लागते. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन नीट वाचा.

ड्युसेलडॉर्फचं गणित वेगळं. 'के' आठ दिवस चालतं, जगभरचे प्लॅस्टिकवाले येतात, आणि भाडी एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतात. त्याबरोबर अटीही बदलतात: कमीत कमी चार-पाच रात्री घ्याव्या लागतात, पैसे आधी भरावे लागतात, रद्द करायची मुदत महिनाभर आधीच संपते. पंचतारांकितमध्ये नाव घ्यायचं तर ब्राइडेनबाखर होफ. मूळ हॉटेल १८१२ चं, युद्धात गेलं, आजची इमारत २००८ ची. जुनं नाव आणि नवी नळजोडणी, ही जोडी युरोपात सगळ्यात चांगली असं आमचं मत आहे. न्हाणीघरं प्रशस्त, लिफ्ट मोठी, भिंती जाड. समोर क्योनिग्सआले, म्हणजे मधे पाण्याचा कालवा आणि दोन्ही बाजूंना झाडं, दुकानं असलेला शहराचा श्रीमंत रस्ता. जवळच हाइनरिश-हाइने-आले हे भुयारी स्टेशन आहे. तिथून यू७८ आणि यू७९ या दोन गाड्या मेसेकडे जातात, पण वेगवेगळ्या टोकांना: यू७८ उत्तर दाराला, यू७९ पूर्व दाराला. तुमचा हॉल कुठल्या दाराजवळ आहे ते नकाशावर आधी बघा, कारण आत चुकीच्या टोकाला उतरलात तर हॉलांमधून चालण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात.

इथे बऱ्याच जणांना एक मोह होतो. ड्युसेलडॉर्फचं भाडं बघून ते कोलोनला पंचतारांकित खोली घेतात आणि रोज ये-जा करतात. कागदावर अंतर चाळीसेक किलोमीटरचं, गाडी अर्ध्या तासाची. प्रत्यक्षात हॉटेल ते स्टेशन, फलाटावर थांबणं, गाडी, मग भुयारी मेट्रो, मग दाराची रांग. एका बाजूचा सव्वा तास धरा. संध्याकाळी मेसे सुटताना तोच प्रवास गर्दीत, उभ्यानं. आठ दिवसांपैकी पाच दिवस थांबणाऱ्यानं रोजचे अडीच तास गाडीत घालवून संगमरवरी न्हाणीघराचा उपयोग तो काय? अशा वेळी ड्युसेलडॉर्फमध्येच यू७८ च्या वाटेवरचं चांगलं चारतारांकित घ्यावं. पाचवा तारा पुढच्या सहलीला राखून ठेवा.

बर्लिनला केळीवाल्यांचा गोंधळ नावामुळे होतो. 'अ‍ॅडलॉन' हॉटेल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ब्रांडेनबुर्ग दरवाजाला लागून, १९०७ ला उघडलेलं, युद्धाच्या शेवटी जळालेलं आणि १९९७ ला नव्यानं बांधलेलं. लॉबीत बसून कॉफी घ्यावी असं ठिकाण आहेच. पण फ्रूट लॉजिस्टिका भरते ती शहराच्या पश्चिमेला, आणि अ‍ॅडलॉन शहराच्या मध्यात. तिथून एस-बाननं जायचं तर आधी फ्रीडरिशश्ट्रासेला गाडी बदलायची, मग प्रदर्शनाजवळचं मेसे झ्यूड स्टेशन. फेब्रुवारीत बर्लिन शून्याच्या खाली जाऊ शकतं, फुटपाथवर बर्फ असतो, आणि जळगावच्या ४५ अंशांना सरावलेल्या माणसाला फलाटावरची दहा मिनिटं फार लांब वाटतात.

प्रदर्शनासाठी बर्लिनला प्राणिसंग्रहालयाजवळचा पश्चिम भाग घ्यावा. वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया तिथे त्सोओलोगिशर गार्टन स्टेशनच्या समोर उंच इमारतीत आहे. २०१३ ला सुरू झालेलं, त्यामुळे खोल्या आणि नळ नव्या काळातले. स्टेशनातून यू२ मेट्रो न बदलता पाच थांब्यांत प्रदर्शनाजवळच्या काइझरडामला सोडते. एस-बाननं मेसे झ्यूडलाही थेट जाता येतं. दोन वाटा असणं महत्त्वाचं, कारण एक बंद पडली तर दुसरी हाताशी असते, आणि जर्मनीत गाड्या वेळेवर धावतात हा समज आता जुना झाला. हॉटेल हिल्टनच्या साखळीतलं आहे. त्यांच्या सभासदत्वात गोल्ड दर्जा असेल तर नाश्त्याचं काय मिळतं ते बुकिंगआधी बघून घ्या. अ‍ॅडलॉन ठेवायचंच असेल तर प्रदर्शन संपल्यावर एक रात्र ठेवा, घरच्यांसोबत.

व्हिचेन्झाची अडचण म्हणजे गाव लहान आणि प्रदर्शन मोठं. सराफ मंडळी व्हेनिस, पादुआ किंवा व्हेरोनाला राहतात. व्हेनिसची हॉटेलं देखणी, प्रश्नच नाही. पण तिथे मोटार जात नाही. स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बॅग एकतर पाण्यातल्या टॅक्सीनं न्यायची, नाहीतर पुलांच्या पायऱ्या चढत. नमुन्यांची पेटी घेऊन रोज हे करणं शहाणपणाचं नाही. व्हेरोनाहून व्हिचेन्झा गाडीनुसार अर्ध्या-पाऊण तासावर. तिथलं दुए तोर्री हे जुन्या गावातलं पंचतारांकित, सांत'अनास्तासिया चर्चशेजारी. जुन्या गावात बाहेरच्या मोटारींना बंदी असते. भाड्याची गाडी घेतली असेल तर तिचा नंबर हॉटेलला आधी कळवावा, म्हणजे ते नोंद करतात. नाहीतर कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते.

आता पोचायच्या वेळेकडे. खान्देशी माणसाचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे. मुंबईहून युरोपची बरीच थेट विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि सकाळी सहा ते आठच्या सुमारास उतरतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनला. रावेरहून निघालेला माणूस भुसावळला गाडीत बसतो, सात-आठ तासांनी मुंबई, विमानतळावर चार तास, विमानात साडेआठ-नऊ तास, मग पुढची आयसीई. पाठ टेकल्याला चोवीस तासांच्या वर झालेले असतात आणि समोर रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून 'तीन वाजता' म्हणते. यात हॉटेलची चूक नाही. प्रदर्शनाच्या आठवड्यात आदल्या रात्री प्रत्येक खोली भरलेली असते. 'उपलब्ध असेल तर लवकर देऊ' या शब्दांचा अर्थ तेव्हा 'देणार नाही' असाच घ्यायचा.

उपाय एकच, आणि तो महाग आहे: आदल्या रात्रीपासून बुकिंग. पोचणार ८ तारखेच्या सकाळी, तर ७ तारखेपासून खोली घ्यायची. मात्र नुसती तारीख टाकून भागत नाही. ७ च्या रात्री तुम्ही आला नाहीत की तुमची 'नो-शो' अशी नोंद होऊ शकते आणि अख्खं बुकिंग रद्द होऊ शकतं. म्हणून हॉटेलला ईमेल करून कळवा: आम्ही ८ तारखेला सकाळी नऊला येऊ, ७ च्या रात्रीचं भाडं भरलेलं आहे, खोली राखून ठेवावी. 'हो' असं लेखी उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. कमी दर्जाच्या हॉटेलात जास्त रात्री आणि भारी हॉटेलात कमी रात्री यातून निवडायचं झालं तर ही जादा रात्र पदरात पडेल असंच हॉटेल निवडा. अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डाच्या 'फाइन हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स' योजनेतून बुकिंग केलं तर दोघांचा नाश्ता आणि दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची हमी मिळते. पण दुपारी बाराला खोली मिळणं तिथेही 'जमल्यास' आहे. म्हणजे सकाळचा प्रश्न त्यानंही सुटत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे: पहिल्या खेपेला बोटांचे ठसे आणि फोटो. रांग लांबू शकते. त्यामुळे उतरल्यावर तासाभरातल्या ठरावीक गाडीचं स्वस्त 'श्पारप्राइस' तिकीट काढू नका. ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. थोडं महाग 'फ्लेक्सप्राइस' घ्या, म्हणजे मिळेल त्या गाडीत बसता येतं.

व्हिसाचं थोडक्यात. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, अर्ज सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत. कोलोनला चार रात्री आणि व्हेरोनाला तीन असतील तर अर्ज जर्मनीकडे. हॉटेलच्या कागदावर बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा. प्रदर्शनाच्या काळात तसं मिळत नसेल तर पैसे अडकवण्याआधी व्हिसाची तारीख मिळवा.

खाण्याचा विषय लांबवावाच लागेल. पंचतारांकित नाश्त्याला जर्मनीत चाळीस युरोंच्या आसपास पडतात, आणि टेबलावर पन्नास पदार्थ असतात. शाकाहारी माणसाला त्यातले किती चालतात हे कळायला डोळ्यांपेक्षा प्रश्न जास्त लागतात. क्रोसाँ आणि पॅनकेकमध्ये अंडं असू शकतं. फळांच्या दह्यात, पुडिंगमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ, असू शकतं. पार्मेजान आणि ग्राना पादानो हे चीज वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणावर (रेनेट) होतं, म्हणून कडक शाकाहारी आणि जैन मंडळींना ते चालत नाही. भाज्यांचं सूप कधी मांसाच्या रश्शात शिजवलेलं असतं. जर्मनीत 'वेगेटारिश' म्हणजे अंडं आणि चीज आलंच; अंडं टाळायचं तर 'वेगान' म्हणा, मग वर दूध वेगळं मागून घ्या. कांदा-लसूण नको असेल तर 'ओने त्स्वीबेल, ओने क्नोब्लाउख'. मात्र हे वाक्य नाश्त्याच्या टेबलावर म्हणून उपयोग नाही. स्वयंपाकघर मोठं असलं तरी तयारी आदल्या दिवशीची असते. चोवीस तास आधी लिहून कळवलं तर चांगल्या हॉटेलचा आचारी साधा भात, वाफवलेल्या भाज्या, मसूर शिजवून देतो. फोडणीची अपेक्षा ठेवू नका. बटाटा जैनांना नको हे मात्र दोनदा सांगा, कारण तिकडे शाकाहारी म्हटलं की आचाऱ्याचा हात आधी बटाट्याकडे जातो.

नाश्ता बुकिंगमध्ये धरायचा का? ज्याला फळं, ब्रेड आणि कॉफीच लागते त्यानं खोली नाश्त्याविना घ्यावी आणि खाली स्टेशनातल्या बेकरीत पाच-सहा युरोंत काम उरकावं. ज्याला दिवसभर स्टॉलवर उभं राहायचं आहे आणि दुपारचं जेवण बेभरवशाचं आहे त्यानं नाश्ता घ्यावाच.

घरून न्यायचं सामान हाही हॉटेलनिवडीचाच भाग आहे, कारण त्यावरून खोलीत किटली लागणार की नाही ते ठरतं. युरोपीय संघात भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड घरीच. ताजी फळं-भाज्या नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. भरिताचं वांगं, हिरवी मिरची, लिंबू, आंबा सीमेवर अडतात. आपली केळी बिनधास्त जातात. ज्वारीचे बिबडे, कळण्याचं पीठ, सुका ठेचा, केळीचे वेफर्स न्यायला हरकत नाही. खोलीत मात्र तव्याला हात लावू नका. धुराचा इशारा वाजला की आग विझवणारी गाडी येते, आणि तिचं बिल पाहुण्याच्या माथी मारलं जाऊ शकतं. उदबत्तीचंही तेच. जर्मनीच्या बऱ्याच पंचतारांकित खोल्यांत कॉफीचं यंत्र असतं पण साधी किटली नसते. 'वासरकोखर' मागितलं की आणून देतात. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. आपला बारीक दोन पिनांचा प्लग जर्मनीत बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

पाण्याची एक गंमत. खोलीतली काचेची बाटली अनेकदा फुकट नसते, आणि त्यात बहुधा बुडबुड्यांचं पाणी असतं. 'श्टिलेस वासर' म्हणजे आपलं साधं पाणी. नळाचं पाणी जर्मनीत पिण्याजोगं आहे. स्टीलची बाटली बरोबर असली की रोजचा हा खर्च जातो.

न्हाणीघरात कितीही संगमरवर असो, जेट स्प्रे नसतो. इटलीत बिडे (धुण्यासाठीचं वेगळं बसकं भांडं) असतं, जर्मनीत बहुधा नाही. प्रवासी बाटली बरोबर ठेवा. वयस्कर मंडळी सोबत असतील तर 'वॉक-इन शॉवर' असलेली खोली मागा. जुन्या हॉटेलांतले टब गुडघ्याच्या वर उंच असतात आणि घसरण्याचा धोका तिथेच असतो. बिछान्याचाही घोळ होतो. जर्मन डबल बेड म्हणजे एका चौकटीत दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं. दोन भागीदार एका खोलीत राहणार असतील तर 'ट्विन, वेगळे पलंग' असं स्पष्ट लिहून घ्या. एका खोलीत किती माणसं हे तिथे आगीच्या नियमानं ठरतं, त्यामुळे 'मुलगा खाली गादीवर झोपेल' हे चालत नाही. चौघांना जोडलेल्या दोन खोल्या, म्हणजे मधे दार असलेल्या, आधीच मागाव्या लागतात. एसीचं विचारायची गरज जून ते सप्टेंबर. पंखा नसलेल्या बंद खोलीतले ३५ अंश आपल्या ४५ पेक्षा जास्त छळतात.

पैशांचा हिशेब एका उदाहरणानं. बर्लिनला खोली ४०० युरो रात्र, चार रात्री, म्हणजे १,६००. बर्लिनचा सिटी टॅक्स २०२५ पासून साडेसात टक्के, आणि एप्रिल २०२४ पासून तो धंद्यासाठी आलेल्यांनाही लागतो. साधारण ११० ते १२० युरो. नाश्ता ४५ च्या दरानं १८०. बेरीज १,८९५ च्या आसपास. आता कार्ड. परदेशी चलनावर बँक साडेतीन टक्के लावत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के, म्हणजे आणखी ७८ युरो. युरो शंभराच्या पुढे असताना हे आठ हजार रुपये झाले. मशीननं 'रुपयांत भरायचं का?' विचारलं तर नाही म्हणा आणि युरो निवडा, कारण रुपये निवडले की दर मशीनवाल्यांचा लागतो. रोममध्ये पंचतारांकितला कर माणशी रात्रीला १० युरो, अ‍ॅमस्टरडॅमला भाड्याच्या साडेबारा टक्के. म्हणून बुकिंगच्या पानावरचा आकडा शेवटचा आकडा समजू नये.

चेक-इनला हॉटेल कार्डावर रक्कम रोखून धरतं, खोलीभाडं अधिक रोजचे काही. हे क्रेडिट कार्डावर होऊ द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर झालं तर तुमचेच पैसे कधी दोन-तीन आठवडे अडकतात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू केले आहेत का, हे निघायच्या आधीच बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर ते बंदच येतात.

सराफांसाठी एक बाब, जी हॉटेल स्वतःहून सांगत नाही. जर्मन कायद्यानुसार पाहुण्याचे दागिने किंवा रोकड खोलीतून गेली तर हॉटेलची जबाबदारी साधारणपणे ८०० युरोंपर्यंतच असते. हॉटेलचा स्वतःचा दोष असेल किंवा वस्तू त्यांच्या ताब्यात ठेवायला दिलेली असेल तर ही मर्यादा राहत नाही. खोलीतल्या लहान तिजोरीत ठेवणं म्हणजे त्यांच्या ताब्यात देणं नव्हे. नमुने रिसेप्शनच्या तिजोरीत ठेवा आणि वजन, नग, वर्णन लिहिलेली पावती घ्या. बुकिंगआधी विचारा: रिसेप्शनला सेफ डिपॉझिट आहे का, चोवीस तास उघडतं का? पहाटेच्या गाडीनं निघणाऱ्याला हा प्रश्न फार महत्त्वाचा. नमुने परत आणायचे असतील तर फिक्की या उद्योग-संघटनेकडून एटीए कार्ने, म्हणजे माल तात्पुरता बाहेर नेऊन परत आणायचा सीमाशुल्काचा कागद, काढून घ्या. त्यातली यादी आणि हॉटेलच्या पावतीतली यादी जुळली पाहिजे.

बिलाचं काम निघायच्या सकाळी नको, आदल्या रात्री करा. कंपनीचं नाव आणि पत्ता चेक-इनलाच लिहून द्यावा, कारण पैसे भरून बिल निघाल्यावर नाव बदलायला जर्मन हिशेबनीस सहजासहजी तयार होत नाहीत. रात्री कच्चं बिल मागून मिनीबार, पाणी, इस्त्री या ओळी तपासा. काही फ्रिजांत बाटली नुसती उचलून ठेवली तरी नोंद होते; तुम्ही घरचा ठेचा थंड ठेवायला मिनीबार रिकामा केला असेल, तर ती ओळ बिलात हमखास सापडेल.